दस्तगीरचा बोलका राऊंड

दस्तगीर, तू गेल्यापासून माझ्या थापा बिनविरोध निवडून यायला लागल्यात.

परवा माळावर पोरांना सांगितलं, सिक्कीमला पोस्टिंग असताना एकदा मी असा घोरलो की समोरचा बर्फाचा कडा कोसळला, पलीकडच्या फौजेला वाटलं इकडं नवी तोफ आली, आणि त्यांनी पांढरं निशाण वर केलं. पोरं गप ऐकत होती. त्यातलं एक म्हणालं, "व्हय काका." संपलं. अशा थापेला कुणी व्हय म्हणतं का? मी सवयीनं तू बसायचास त्या दगडाकडं वळलो. तू असतास तर शिट्टी तोंडातून काढून म्हणाला असतास, "शंक्या, तू सिक्कीमला कँटीनच्या गोदामात हुतास. तिथं घोरलास तर फार तर बिस्किटाचे पुडे पडतील." मग पोरं हसली असती, मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि थाप कशी गोल, पुरी झाली असती.

तुझ्या दुकानातला तराजू डोळ्यांसमोर येतो. एका पारड्यात कुंकू, दुसऱ्यात माप. माप काढून घेतलं तर कुंकवाचं पारडं आपलं जमिनीला टेकून बसणार. तसा मी बसलोय.

पोरांनी एसटी स्टँडवर तुझा फ्लेक्स लावलाय. जन्मतारीख, शिक्षण, सगळं त्यावर आहे, म्हणून ते मी इथं सांगत बसत नाही. नावाखाली 'क्रीडा मार्गदर्शक' असं लिहिलंय. तू वाचलं असतंस तर मागं वळून बघितलं असतंस, कोण मोठा माणूस आलाय म्हणून. आणि फोटोत तुझ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलंय. ते बटण तू तुझ्या निकाहातसुद्धा लावलं नव्हतंस, मी शेजारी बसलो होतो. कुणीतरी फोनमध्ये लावून दिलंय. स्टँडवर उतरलं की मला आधी ते बटण दिसतं आणि माझाच जीव घुसमटतो.

खरा तू कसा होतास ते मी सांगतो. तू पळायला लागलास की तुझी सावली मागं पडायची. यमाईच्या डोंगराला फेरी मारून तू परत यायचास तेव्हा ती बिचारी अर्ध्या वाटेत गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत असायची, आणि तू माघारी जाऊन तिला बोटाला धरून आणायचास. मी हे फौजेत सांगितलं, गावात सांगितलं, तुझ्या सासरवाडीत जाऊन सांगितलं. माझ्या एवढ्या एकाच थापेला तू कधी आडवा आला नाहीस. नुसता हसायचास.

आणि तरी साताऱ्याला फौजेच्या भरतीत तू नापास झालास आणि मी पास झालो.

मिसरूड फुटायच्या वयातली आपली जोडी. पहाटेच्या एसटीत तू एक शब्द बोलला नाहीस. मी अख्ख्या गाडीला पिडत होतो. ग्राऊंडवर उभं केलं तेव्हा मी भ्यालो, पण लगेच स्वतःला एक थाप ठोकून दिली. म्हटलं, शंकर, तुझ्या मागं वाघ लागलाय आणि पुढं आईनं पुरणपोळीचं ताट मांडलंय. तेवढ्यावर मी पळालो. तू तर सगळ्यांच्या इतका पुढं होतास की दुसऱ्या नंबरच्या पोराला तुझ्याशी बोलायचं असतं तर पत्र टाकावं लागलं असतं. आणि शेवटच्या राऊंडात, वळणावर, तू चालायला लागलास. लंगडत नव्हतास. पोटाला हात नव्हता. बाजाराला निघाल्यासारखा सरळ चालायला लागलास. मी शेजारून गेलो तेव्हा तुझे ओठ हलत होते.

गावानं ठरवलं की पायात गोळा आला. तुझ्या अम्मीनं ठरवलं की दृष्ट लागली. तू दोन्ही ऐकून घेतलंस आणि डोंगराच्या पायथ्याला बापाच्या दुकानात कुंकवाच्या पुड्या बांधायला बसलास. मी दर सुट्टीला येऊन विचारायचो, दस्त्या, त्या वळणावर झालं काय? तू पुडीला दोरा गुंडाळत राहायचास. तेवढ्या दोऱ्यात यमाईचा डोंगर बांधून झाला असता.

मग मी पेन्शनीत आलो. एकदा पुसेसावळीच्या बाजारातून आपण माझ्या गाडीवरून येत होतो. मी काही विचारलेलं नसताना मागं बसून तू बोललास. "मला कुणी काय म्हणालं न्हाई, शंक्या. मीच मला म्हणालो, तुला जमायचं न्हाई. जल्मात मी कुणाचं ऐकलं न्हाई. त्या दिशी माझं ऐकलं."

मी गाडी उभी केली आणि उगीच आरसा पुसला.

त्याच वर्षी, तू पहाटे माळावर पोरांना भरतीसाठी पळवायचास त्यात, जतकडचा बिरू आला. मेंढपाळाचं पोर, मावशीकडं राहायला आलेलं, दुष्काळात टँकरच्या मागं घागर घेऊन पळून पळून आपोआप तयार झालेलं. माळावर पळायला लागला की हरणांनी त्याच्याकडं शिकवणी लावावी. पण भरतीच्या मैदानी परीक्षेची, ग्राऊंडची, तारीख आली की वासरासारख्या जांभया द्यायचा. त्या बाभळीच्या झुडपामागं इतक्यांदा जायचा की भर उन्हाळ्यात त्या बाभळीला पालवी फुटली. भरतीत दरवेळी माघारी. तू त्याला जवळ बोलावून विचारलंस, पळताना मनात काय म्हणतोस? तो म्हणाला, काय न्हाई. तू म्हणालास, "काय न्हाई असं कुणाच्या मनात नसतंय. पुढचा राऊंड मोठ्यानं बोलत मार."

आणि बिरूनं अख्खा राऊंड कानडीतनं मारला. पोरं पोट धरून माळावर लोळली. मी तुला म्हटलं, अरे, तुला त्यातलं एक अक्षर तरी कळतंय का? तू म्हणालास, मला कशाला कळाया पायजे, त्याला कळतंय न्हवं. राऊंड संपवून बिरू आला आणि तुझ्यासमोर उभा राहिला. त्याचं तोंड बघून लोळणारी पोरं उठून बसली. मराठी जुळवत जुळवत तो म्हणाला, "सर, मी मला लय वंगाळ बोलतो."

तिथनं तुझा बोलका राऊंड सुरू झाला. दर गुरुवारी सरावाच्या शेवटी एक राऊंड मनातलं सगळं मोठ्यानं बोलत मारायचा. हसायचं नाही, आणि माळावर ऐकलेलं गावात न्यायचं नाही, एवढे दोनच नियम. परका माणूस त्या दिवशी डोंगरावर देवीला आला असला तर त्याला वाटायचं, खाली वेड्यांची जत्रा भरलीय. एक पोरगा ओरडत यायचा, मागचा जवळ आला, आला, आला, जाऊ दे त्याला, म्हशीला पाणी पाजायचं राहिलंय. त्याच्या मागनं एक पोरगी, सगळी बघत्यात, पँट तोकडी हाय, आता पडणार मी, आता पडणार. तू दगडावर बसून ऐकायचास. रागवायचा नाहीस, धीरही द्यायचा नाहीस. राऊंड संपला की म्हणायचास, यातलं खरं किती ते बघ. त्या पोरीला विचारलंस, बघत्यात का? म्हणाली, व्हय. पडलीस का? म्हणाली, न्हाई. तू म्हणालास, मग बघत्यात एवढं ठेव, पडणार ते इथंच माळावर सांड. ती पोरगी आज साताऱ्यात चौकात उभी राहून शिट्टी मारते आणि ट्रक थांबवते.

मला हे कधी पटलं नाही. पोरांच्या मनातलं भ्या असं चव्हाट्यावर कशाला आणायचं? माझं शास्त्र सोपं होतं. भ्यायच्या वेळी स्वतःला एक चांगली, जाडजूड, तुपातली थाप मारायची. मी वाघ हाय. मी वादळ हाय. मला बघून घड्याळसुद्धा थांबतंय. मी पोरांना ओळीनं उभं करून हे म्हणायला लावायचो, आणि तू दगडावरनं म्हणायचास, खोटं पायाला कळतंय. मी म्हणायचो, पाय काय शाळेत गेल्ता? तू म्हणायचास, गेला न्हाई म्हणूनच कळतंय.

एकदा तू मलाच बोलका राऊंड मारायला लावलास. पोरांसमोर. मी काय मागं हटणार? पोट सावरत पळालो आणि राऊंडभर लडाखच्या अस्वलाशी झालेल्या माझ्या कुस्तीचं वर्णन केलं. अस्वल चीत झालं त्या जागी माझा दम संपला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू पाण्याचा तांब्या पुढं केलास आणि हळूच म्हणालास, "मनातलं सांग म्हणालतो, शंक्या. तोंडातलं न्हवं."

माझ्या मनात त्या वेळी काय होतं सांगू? काही नव्हतं. नुसता वारा वाहत होता. आता तिथं तुझ्याशी बोलणं चालू असतं, उठल्यापासून, आणि तू एकदाही मधे तोंड घालत नाहीस.

आपलं शेवटचं भांडणसुद्धा याच्यावरच. तुझं दुकान बंद करायची वेळ. तुझ्या लेकीचं, मिनाजचं, सांगलीचं ग्राऊंड जवळ आलेलं, तू दिवसभर अस्वस्थ. मी तुला कोपऱ्यात गाठलं असं मला वाटलं. म्हटलं, दस्त्या, तू म्हणतोस खरं तेवढं ठेवावं. आणि एखाद्याला खरंच जमत नसलं तर? मग ते पण मोठ्यानं बोलायचं का? तेच खरं म्हणून जवळ ठेवायचं का? तू शटरला हात लावलेला, तसाच उभा राहिलास. मी जिंकलो म्हणून मिशीला पीळ भरत होतो. तू शटर खाली ओढलंस आणि म्हणालास, "उद्या सांगतो."

उद्या गुरुवार होता.

त्या सकाळचं मी वाढवून सांगत नाही, वाढवायला जागाच नाही. बोलका राऊंड चालू होता. तू दगडावर बसलेला, शिट्टी तोंडात, घड्याळ हातात. राऊंड संपला तरी शिट्टी वाजली नाही. शिट्टी वाजल्याशिवाय थांबायचं नाही ही तूच लावलेली शिस्त. म्हणून पोरं पळतच राहिली. आज सर जास्त घेत्यात, असं मोठ्यानं बोलत पळत राहिली. तुझ्या पुढून, तुझ्याकडं बघत, पुन्हा पुन्हा गेली. थांबली ती मिनाज. वळणावरून येताना तिनं तुझ्याकडं बघितलं, आणि तुझी मान तिला नेहमीपेक्षा जरा खाली दिसली.

मी रानातून धावत आलो तोवर तुला जीपमध्ये घातलं होतं. त्या दिवशी मी पळालो, दस्तगीर. मागं वाघबिघ कुणी नव्हतं.

मग भाभी म्हणाल्या की आठवडाभर छातीत कळ येत होती. विचारलं की गॅस झालाय म्हणायचास. हे ऐकून मला तुझा असा राग आला की मातीला आलेल्या गर्दीत मी एकटा दात खात उभा होतो. अख्ख्या तालुक्याच्या पोरांना तू मनातलं मोठ्यानं बोलायला लावलंस. मेंढपाळाच्या पोराकडून कानडीतनं बोलवून घेतलंस. आणि स्वतःच्या छातीतलं बायकोला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस. दुकानात रोज संध्याकाळी माझ्या थापा ऐकत बसायचास. एका थापेच्या मधे हात वर करून म्हणायचं होतंस, शंक्या, थांब जरा, मला दुखतंय. मी थांबलो असतो. मी आयुष्यात कुणासाठी थांबलेलो नाही, पण थांबलो असतो.

तुला तू काय सांगत होतास त्या आठवड्यात? काय न्हाई, काय न्हाई, असंच ना?

तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली आणि लगेच दोन दिवसांवर मिनाजचं ग्राऊंड आलं. तुला माहीतच आहे, पोलीस भरतीची ही तिची शेवटची खेप. पुढच्या भरतीला वय बसत नाही. मागच्या वेळी ती तुझ्यासारखीच सगळ्यांच्या पुढं असताना दुसऱ्या राऊंडात थांबली होती आणि घरी येऊन तुझ्यासमोर भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तू तिला काही विचारलं नाहीस, कारण तुला विचारायची गरज नव्हती. या खेपेला ती निघाली तर तुझं ते वळण तुझ्या घरात तरी संपेल, असं तू बोलला नाहीस, पण तुझ्या दगडाला माहीत होतं.

घरात पाहुणे भरलेले. कुणी म्हणे, अशा वेळी पोरगी ग्राऊंडवर कशी जाईल? भाभी तर इद्दतीत, उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. त्यांनी मला दाराशी बोलावून घेतलं आणि पडद्याआडून म्हणाल्या, "भाऊजी, तिला न्या. तिचे अब्बा असते तर घेऊन गेले असते. तेवढंच मला कळतं."

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही माळावर गेलो. मी तिला म्हटलं, एक हलका राऊंड मार. ती चांगली निघाली. वळण घेऊन तुझ्या दगडाजवळ आली आणि तिचे पाय बंद पडले. पुन्हा निघाली, पुन्हा तिथंच. मी दगडावर जाऊन बसलो, म्हटलं रिकामा दिसायला नको. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुमी तिथं नका बसू." मग मी उठलो. मला म्हणाली, ती जागा आली की मनात एकच येतंय, मान बघ, मान बघ. मी एवढा बोलका माणूस, फौजेत साहेबांना थापा मारून सुट्ट्या काढलेला, आणि मी नुसता वाकून तिच्या बुटाची नाडी बांधत बसलो.

तरी सवय जात नाही. दुपारी आम्ही गाडीवरून निघालो. विट्यात चहाला थांबलो. शेजारच्या टेबलावर सुट्टीवर आलेले गलाईवाले, कुणी कोइंबतूरला सोनं गाळतो, कुणी कोलकात्याला, मोठमोठ्यानं दुकानांच्या गप्पा मारत होते. मला चेव आला. मी म्हटलं, मिनाज, तू वाऱ्याची थोरली बहीण, उद्या सांगलीत तुला बघून कृष्णामाई उलटी वाहील. ती चहाच्या कपाकडं बघत म्हणाली, "काका, नका." तुझ्यासारखाच आवाज, वर न चढणारा. मी चहा प्यालो. तिचा तसाच राहिला.

रात्री माझ्या बहिणीकडं मुक्काम केला आणि सकाळी तिला ग्राऊंडच्या फाटकात सोडलं. आत फक्त पोरींना सोडतात. बाकी सगळे बाहेर, तारेच्या कुंपणाला. दस्तगीर, तू तिथं असायला हवा होतास. सगळे बाप. पोरींपेक्षा बापांचेच चेहरे पांढरे. एकजण उगीच चपलेनं खडे सारखे करत होता. एकानं माझ्याकडं तंबाखू मागितली आणि हातात घेऊन मळायची विसरला. मला विचारलं, तुमची पोरगी कितव्या बॅचला? मी म्हटलं, माझी नाही, दोस्ताची. दोस्त कुठं हाय म्हणाला. मी म्हटलं, दुकान टाकून कसा येईल. का म्हटलं असं, मला माहीत नाही. कुणीतरी त्याला 'व्हय' म्हणावं असं वाटलं असेल. तो म्हणाला, "व्हय, धंद्याचं तसंच असतंय." आणि त्या एवढ्या गर्दीत मी इतका एकटा झालो की कुंपणाची तार मुठीत घट्ट धरली.

मग तिच्या बॅचला पुकारलं. पुढं काय झालं ते सांगायच्या आधी ग्राऊंडनंतरचं सांगतो, कारण त्याच्यामुळंच मी हे बोलतोय.

ती बाहेर आली, पाणी प्याली, कडुलिंबाखाली बसली. मी पण बसलो. मग तिनं मला सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "काका, आमच्यात बायका कब्रस्तानात जात न्हाईत. मला जाता येणार न्हाई. तुमी जाऊन अब्बांना सांगा." मी म्हटलं, सांगतो की, असं सांगतो की शेजारपाजारचे पण उठून बसतील. ती हसली नाही. तिनं माझा हात धरला. "जसं झालं तसंच सांगा. एक शब्द वाढवू नका. त्यांना कळतंय."

म्हणून आलोय. चप्पल फाटकाशी काढलीय. कुणीतरी तुझ्यावर सब्जाचं रोप लावलंय, ते नीट धरलंय. इथं बोलायला मला लाज वाटत होती, पण आसपास कुणी नाही, बाभळी आहेत. माझा आवाज मलाच परका वाटतोय. कधी इतक्या हळू बोलल्याचं आठवत नाही.

तर असं झालं. पोरी एका घोळक्यात सुटल्या. मिनाज पुढं गेली नाही, मागच्यांतच राहिली. पहिला राऊंड संपताना ती मधे होती. वळणावर एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता. तोंडात शिट्टी, मान खाली, मांडीवरच्या कागदात बघत होता. मला तो आधी दिसला नव्हता. तिला दिसला. तिचा पाय मंदावला. मला वाटलं, थांबली. दोन पोरी तिला मागं टाकून गेल्या. ती थांबली नाही. तिचे ओठ हलायला लागले. ती मोठ्यानं बोलत होती. पोलिसानं मान वर करून तिला काहीतरी म्हटलं. गप पळ म्हणाला, असं ती सांगते. ती गप बसली नाही. मला कुंपणाबाहेर ऐकू येत नव्हतं. ती काय म्हणत होती ते तिनं मला झाडाखाली सांगितलं. 'अब्बा बसल्यात. मी पळतीया. अब्बा बसल्यात. मी पळतीया.' एवढंच. रेघेपर्यंत एवढंच.

पुढं गेलेल्या दोघींपैकी एकीला तिनं गाठलं. दुसरी गाठली गेली नाही. रेघ ओलांडली, बाजूला गेली आणि ओकली. मग तोंड पुसून चेस्ट नंबर सरळ केला आणि गोळाफेकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. धावण्याचे मार्क बरे पडले, पैकीच्या पैकी पडले नाहीत. गोळा कमी गेला. लेखी राहिली आहे. होईल की नाही, मला माहीत नाही. तिला पण माहीत नाही. घरी येताना विट्यात तिनं चहा मागून घेतला आणि सगळा प्याली.

झालं एवढं आहे. यात माझं काही नाही.

आता तू बोल, दस्तगीर.